बाउंड्री लेअरचा कोड लिहायला बसताना

एम.टेक.ला प्रवेश घेतल्यावर माझ्या गाइडनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं: "सॉफ्टवेअर उघडायचं नाही. आधी ब्लाझियस सोडवून आण." ब्लाझियस म्हणजे सपाट पट्टीवरून जाणाऱ्या प्रवाहाचं समीकरण. तेव्हा मला वाटलं, यात महिना फुकट जाणार. आता सीएफडी, म्हणजे प्रवाहाचं गणित संगणकावर सोडवणं, कुठून सुरू करू असं कोणी विचारलं, तर मीही ब्लाझियसच सांगते.

आधी मापाचा अंदाज घ्या. एक मीटर लांबीच्या गुळगुळीत सपाट पट्टीवरून १० मीटर प्रति सेकंद वेगाने हवा वाहते आहे. प्रवाह लॅमिनार, म्हणजे खळबळ न होता थराथराने वाहणारा, राहिला, तर पट्टीच्या शेवटच्या टोकाला बाउंड्री लेअरची, म्हणजे पृष्ठभागालगतच्या मंदावलेल्या हवेच्या थराची, जाडी भरते जेमतेम ६ मिलिमीटर. भिंतीला, म्हणजे पट्टीच्या पृष्ठभागाला, चिकटलेली हवा स्थिर असते आणि एवढ्याशा जागेत वेग शून्यावरून जवळजवळ १० वर चढतो. प्रवाहशास्त्रज्ञ प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत हेच मांडलं होतं: चिकटपणाचा परिणाम भिंतीलगतच्या या पातळ थरापुरता असतो. घर्षण किती, हे भिंतीपाशी वेग किती झपाट्याने चढतो त्यावर ठरतं. म्हणून ग्रिड, म्हणजे गणिताच्या बिंदूंची जाळी, तिथेच दाट लागतो.

त्यांचे विद्यार्थी ब्लाझियस यांनी १९०८ मध्ये सपाट पट्टीचं गणित एका साध्या डिफरन्शियल समीकरणावर आणलं. समीकरण तिसऱ्या ऑर्डरचं. दोन अटी भिंतीवर, तिसरी अनंतावर, आणि खरी अडचण ही तिसरी. मग शूटिंग मेथड वापरायची: भिंतीवरच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हचा अंदाज धरा, रुंगे-कुट्टा या पायरीपायरीने सोडवायच्या पद्धतीने बाहेर जा, वेगाचं गुणोत्तर (तिथला वेग भागिले बाहेरचा वेग) १ वर पोचतंय का बघा, नाहीतर अंदाज सुधारा. अनंत म्हणून ईटा (थराच्या जाडीच्या मापात मोजलेलं भिंतीपासूनचं अंतर) १० घेतला तरी पुरतो. उत्तर, म्हणजे भिंतीवरची ती किंमत, ०.३३२ यायला हवं.

माझं येत होतं ०.४६९६. तीन दिवस मी स्टेप निम्मी करत राहिले, अनंत लांब नेत राहिले, पण आकडा तसूभरही हलेना. चौथ्या दिवशी सहज भागाकार करून पाहिला: ०.४६९६ भागिले ०.३३२ म्हणजे १.४१४. वर्गमूळ दोन! समीकरण मी एका पुस्तकातून घेतलं होतं, उत्तर दुसऱ्या पुस्तकातून ताडत होते, आणि दोघांच्या ईटाच्या व्याख्येत वर्गमुळातल्या दोनाचा फरक होता. कोड पहिल्या दिवसापासून बरोबर होता. स्टेप निम्मी करूनही उत्तर जागचं हलत नसेल, तर स्टेपच्या मागे न लागता समीकरण आणि व्याख्या तपासा. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक कोडच्या पहिल्या ओळीत ईटाची व्याख्या असते.

जमलं की ट्योफर यांची १९१२ची युक्तीही करून बघा. भिंतीवरची किंमत सरळ १ धरून एकदाच सोडवायचं, बाहेर वेग २.०८५४ येतो, त्याचा उणे दीड घात घेतला की ०.३३२ हातात. पुन्हापुन्हा अंदाज धरायची गरजच नाही. मला हे फार सुंदर वाटतं.

पुढची पायरी मार्चिंगची. बाहेरचा वेग सरळ रेषेत घटत जाणारा हॉवर्थ यांचा प्रवाह घ्या आणि क्रँक-निकोल्सन किंवा केलर बॉक्स या पद्धतीने पट्टीवर एकेक स्टेशन (ठिकाण) पुढे सरका. लांबीच्या १२ टक्क्यांच्या आसपास कोड कोसळेल. घाबरू नका. तिथे प्रवाह भिंतीपासून सुटतो आणि बाहेरचा वेग आधीच ठरवून दिलेला असेल, तर बाउंड्री लेअरची समीकरणंच त्या बिंदूपलीकडे जाऊ देत नाहीत. गोल्डस्टाइन यांनी १९४८ मध्ये हे दाखवलं. थ्वेट्सच्या पद्धतीने हेच गणित अर्ध्या पानात हाताने होतं, उत्तर येतं ०.१२३. कोड ०.०८ लाच किंवा ०.२० पर्यंत जाऊन थांबत असेल, तर मात्र चूक तुमची आहे.

यानंतर खुशाल सॉफ्टवेअर उघडा. पहिली केस तीच सपाट पट्टी घ्या, आणि टोकापासून थोडं पुढे घर्षण गुणांक ०.६६४ भागिले रेनॉल्ड्स अंकाचं (वेग गुणिले टोकापासूनचं अंतर, भागिले हवेचा कायनेमॅटिक चिकटपणा) वर्गमूळ एवढा येईपर्यंत ग्रिड दाट करत राहा.