कार डिटेलिंगचा नवा व्यवसाय: कार्पेट साफ करण्याची यंत्रे कशी निवडावीत

गाडीच्या कार्पेटवर शॅम्पूचा फेस करणे सोपे असते. तो फेस, त्यात सुटलेला मळ आणि पाणी पुन्हा बाहेर काढणे अवघड असते. तरीही कार डिटेलिंगचा, म्हणजे गाडी आतून-बाहेरून बारकाईने साफ करण्याचा, नवा व्यवसाय उभारताना पैसा बहुधा आधी सोप्या कामाच्या साधनांवर जातो, कारण फोम गन आणि वाफेचे यंत्र जाहिरातीच्या चित्रफितीत देखणे दिसते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत ओलसर राहिलेल्या कार्पेटला काही दिवसांतच कुबट वास येऊ लागतो आणि ग्राहक तीच गाडी तक्रारीसह परत आणतो. म्हणून गाडी ताब्यात देताना कार्पेट किती कोरडे असेल, या एकाच कसोटीवर पुढील निवड केलेली आहे.

पहिली पायरी: कार्पेट आणि त्याखालची जागा समजून घेणे

आपल्याकडील बहुतेक गाड्यांचे कार्पेट न विणलेल्या कृत्रिम धाग्यांचे, पातळ आणि दाबून बसवलेले असते. ते स्वतः फार पाणी धरत नाही. पाणी धरते ते त्याखालचे नमद्यासारखे किंवा फोमचे जाड अस्तर. या अस्तराखालून विजेच्या तारा जातात, आसनांखाली एअरबॅगचे कनेक्टर असतात आणि अनेक गाड्यांत एअरबॅगचे नियंत्रण यंत्र गिअरजवळच्या मधल्या भागाखाली बसवलेले असते. त्यामुळे घरातल्या गालिच्यासाठी चालणारी भरपूर पाणी ओतण्याची पद्धत गाडीत चालत नाही. कमी पाणी फवारणारे आणि ते लगेच ओढून घेणारे यंत्र हवे, हे येथेच ठरते.

दुसरी पायरी: वीज आणि जागा तपासणे

यंत्र पाहायला जाण्यापूर्वी आपल्या जागेतील प्लग पाहावेत. 230 व्होल्टच्या 16 अँपिअरच्या एका पॉइंटवर जास्तीत जास्त सुमारे 3,600 वॅटचा भार घेता येतो. एकाच पॉइंटवर व्हॅक्यूम, एक्स्ट्रॅक्टर (द्रावण फवारून मळकट पाणी ओढून घेणारे यंत्र) आणि पाणी तापवण्याचे साधन एकदम चालवल्यास ही मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यामुळे यंत्रांसाठी किमान दोन स्वतंत्र सर्किट असावीत. ओल्या जमिनीवर काम करायचे असल्याने 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्यावा आणि यात काटकसर करू नये. एक्स्टेंशनची तार 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची असावी. लांब आणि बारीक तारेत व्होल्टेज पडते, तार तापते आणि यंत्राची ओढ कमी होते. घरपोच सेवा देणार असाल, तर ज्या सोसायट्यांमध्ये काम करायचे आहे तेथे वाहनतळावर प्लग वापरू देतात का, हे आधी विचारावे. नाहीतर जनरेटरचा खर्च हिशेबात धरावा लागतो.

तिसरी पायरी: ओला-सुका व्हॅक्यूम

पहिली खरेदी याचीच करावी. कार्पेटमधील कोरडी माती जितकी आधी निघेल तितका पुढे चिखल कमी होतो. मराठवाडा-विदर्भातील काळी माती भिजली की चिकट होते आणि कोकणातील तांबडी माती भिजून धाग्यांत बसली की तिचा रंग जाता जात नाही, म्हणून दोन्ही कोरड्या असतानाच ओढून काढाव्यात.

डब्यावर ठळक छापलेल्या वॅटच्या आकड्यावर जाऊ नये. तो आकडा मोटार किती वीज खाते ते सांगतो, किती ओढते ते सांगत नाही. माहितीपत्रकात दोन आकडे शोधावेत. हवेचा प्रवाह लिटर प्रति सेकंदात दिलेला असतो आणि वाळू-माती वाहून नेण्याचे काम तो करतो; ओढीचा दाब मिलिबारमध्ये किंवा मिलिमीटर पाण्यात दिलेला असतो आणि धाग्यांत अडकलेले पाणी तो सोडवतो. 220 मिलिबार म्हणजे साधारण सव्वादोन मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. विक्रेत्याला हे दोन्ही आकडे देता येत नसतील, तर पुढच्या दुकानात जावे.

मोटार ‘बायपास’ प्रकारची असावी, म्हणजे तिला थंड करणारी हवा वेगळ्या मार्गाने येते आणि ओढलेली ओलसर हवा मोटारीच्या वेटोळ्यांतून जात नाही. याखेरीज आसनाच्या रुळांत जाणारे निमुळते नोजल, किमान तीन मीटर लांब होज आणि धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर पाहावा. अलिबागहून किंवा गोव्याहून परतलेल्या गाडीतील वाळू रुळांतच अडकते आणि ग्राहकाच्या बोटांना ती नेमकी तेथेच लागते.

चौथी पायरी: एक्स्ट्रॅक्टर

हे यंत्र पंपाने द्रावण कार्पेटमध्ये फवारते आणि त्याच नोजलच्या फटीतून मळकट पाणी लगेच ओढून घेते. व्यवसायाचा दर्जा यावर ठरतो, म्हणून अंदाजपत्रकातील सर्वांत मोठा वाटा याला द्यावा. गाड्यांसाठी सुमारे दहा लिटरच्या टाकीचे यंत्र पुरते. त्याहून मोठे यंत्र हॉटेलांच्या गालिच्यांसाठी योग्य असते. ते गाडीच्या दाराशी अडचण करते आणि भरल्यावर जड होते.

नोजल हातात धरण्याचे, साधारण दहा सेंटिमीटर रुंद आणि पारदर्शक असावे. पाणी स्वच्छ येऊ लागले की नाही हे त्यातून दिसते आणि काम कोठे थांबवायचे ते कळते. पारदर्शक नोजल नसलेल्या यंत्रावर कारागीर एकतर लवकर थांबतो किंवा उगाच पाणी मारत राहतो. मळक्या पाण्याची टाकी उचलून ओतता येते का आणि तिचे तोंड आत हात घालून धुण्याइतके रुंद आहे का, हे दुकानातच करून पाहावे. रात्रभर तसेच राहिलेले पाणी टाकीला वास लावते आणि तोच वास दुसऱ्या दिवशी ग्राहकाच्या गाडीत जातो.

पाणी तापवणारे एक्स्ट्रॅक्टर महाग असतात. तेलकट मळावर गरम पाणी नक्कीच चांगले चालते, परंतु सुरुवातीला माहितीपत्रकातील तापमानाच्या मर्यादेत राहून टाकीत कोमट पाणी भरणे पुरेसे ठरते. उकळते पाणी मात्र ओतू नये, कारण लहान यंत्रांच्या पंपातील रबरी भाग ते सहन करत नाहीत. बोअरवेलचे पाणी जड असेल, तर क्षारांनी फवारणीची छिद्रे बुजतात. पाणी मृदू करणारा फिल्टर किंवा ठरावीक दिवसांनी सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने धुणे, यांपैकी एक सोय करावीच लागते.

खरेदीपूर्वी एक चाचणी अवश्य घ्यावी. जुने सुटे भाग विकणाऱ्याकडून अस्तरासह कार्पेटचा एक तुकडा आणावा, वजनकाट्यावर कोरडा तोलावा, त्यावर मोजून एक लिटर पाणी ओतून ते मुरू द्यावे आणि तुकडा पुन्हा तोलावा. मग फवारणी बंद ठेवून यंत्राचे नोजल सावकाश चार वेळा फिरवावे आणि तिसऱ्यांदा वजन घ्यावे. समजा मुरलेल्या 1,000 ग्रॅमपैकी एका यंत्राने 150 ग्रॅम पाणी मागे ठेवले आणि दुसऱ्याने 350 ग्रॅम, तर निर्णय तेथेच होतो. प्रामाणिक विक्रेता या चाचणीला नकार देत नाही. दिलाच, तर तेही एक उत्तर समजावे.

पाचवी पायरी: ब्रश आणि रसायने

ड्रिलला लावायचा मऊ ते मध्यम केसांचा गोल ब्रश आणि कडांसाठी हातब्रश एवढे पुरे. कडक केसांच्या ब्रशने कार्पेटचे धागे पिंजले जातात आणि ते नुकसान भरून काढता येत नाही. बाहेरील पत्रा धुण्याचा शॅम्पू एक्स्ट्रॅक्टरमध्ये कधीही घालू नये, कारण त्याचा फेस मळक्या टाकीत वर चढून मोटारीपर्यंत पोहोचतो. कमी फेसाचे, एक्स्ट्रॅक्टरसाठीच बनवलेले द्रावण आणि जोडीला फेस मारणारे रसायन ठेवावे.

आपल्या गाड्यांतील डाग परदेशी पुस्तिकांत सापडत नाहीत. हळदीच्या डागावर अल्कधर्मी क्लीनर पडताच तो तांबूस होतो, म्हणून डबा सांडलेल्या गाडीत आधी उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी द्रावण वापरावे आणि उरलेली पिवळी छटा उन्हाने फिकी होऊ द्यावी. पान-गुटख्याच्या डागात काताचा रंग असतो. तो ताजा असताना निघतो, जुना झाल्यावर पूर्ण निघेलच असे आश्वासन देऊ नये. दूध आणि उलटी यांना एन्झाइमयुक्त क्लीनर लावून काही मिनिटे थांबावे.

वाफेचे यंत्र दुसऱ्या वर्षासाठी ठेवावे. ते एसीच्या जाळ्या, दारांच्या फटी आणि आसनांच्या शिवणी यांवर उत्तम चालते, पण कार्पेटमधील मळ फक्त सैल करते, उचलत नाही. शिवाय दूध किंवा रक्त यांचे डाग उष्णतेने पक्के बसतात. हवेच्या दाबावर चालणाऱ्या सफाई गनसाठी मोठा कॉम्प्रेसर लागतो, म्हणून तोही खर्च तूर्त टाळावा.

सहावी पायरी: वाळवणे

जमिनीलगत हवा फेकणारा कार्पेट ब्लोअर घ्यावा आणि समोरासमोरची दारे उघडी ठेवून तो चालवावा. छताच्या पंख्याने हे काम होत नाही. पावसाळ्यात बाहेरची हवाच दमट असल्याने बंद खोलीत ठेवायचा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतील ओलावा काढून घेणारे यंत्र, कोकण आणि मुंबई पट्ट्यात उपयोगी पडतो. सोलापूर किंवा नागपूरच्या उन्हाळ्यात त्याची गरज नाही. गाडी देण्यापूर्वी पायाजवळच्या कार्पेटवर कोरडा टिश्यू ठेवून तळहाताने जोरात दाबावा. तो ओला झाला, तर गाडी देऊ नये.

सातवी पायरी: हिशेब आणि खरेदी

समजा एक्स्ट्रॅक्टर 60,000 रुपयांना मिळतो आणि मजुरी, रसायने, वीज व भाडे वजा जाता एका गाडीमागे 500 रुपये उरतात. तर यंत्राची किंमत वसूल होण्यास 120 गाड्या लागतात. महिन्याला वीस गाड्या येणार असतील, तर सहा महिने झाले. हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी करावा आणि दोन वर्षांच्या पुढे जात असेल, तर लहान यंत्र पाहावे. कर्ज घ्यायचे असल्यास मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात 5 लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते. नियमित पद्धतीची जीएसटी नोंदणी असेल, तर पक्के बिल घ्यावे, म्हणजे यंत्रावरील कराचे क्रेडिट मिळते.

पैसे देण्यापूर्वी मोटारीतील कार्बन ब्रश, पंप, फवारणीचे नोजल, फिल्टर आणि होज या पाच सुट्या भागांचे दर लेखी मागावेत आणि ते आपल्याच शहरात मिळतात की दुसरीकडून मागवावे लागतात, हे विचारावे. कार्बन ब्रश आणि फवारणीचे नोजल यांचा एकेक जादा नग यंत्रासोबतच घेऊन ठेवावा. हे भाग झिजणारे किंवा बुजणारे असतात आणि ऐन हंगामात त्यांच्यावाचून यंत्र बंद पडून राहते.