फिटच्या गोळ्या, पाळी आणि पाळणा : या चुका टाळा

श्रावणातली दुपार. नुकतंच लग्न झालेली एक मुलगी मंगळागौरीसाठी माहेरी आली होती, ती एकटीच दुकानात आली. महिन्याच्या फिटच्या गोळ्या घेतल्या आणि आवाज खाली करून म्हणाली, "ताई, या सगळ्या स्ट्रिपमधून काढून कॅल्शियमच्या बाटलीत भरून देता का? तिकडं कुणाला सांगितलेलं नाही."

गोळ्या सोडियम व्हॅल्प्रोएटच्या होत्या. ही गोळी हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात स्ट्रिपबाहेर ठेवली तर खराब होते, म्हणून मी नाही म्हटलं. पण मला धास्ती दुसऱ्याच गोष्टीची वाटली. बाटलीवर कॅल्शियमचं नाव असणार, आणि उद्या तिला दिवस राहिले तर तपासणाऱ्या डॉक्टरांना खऱ्या औषधाचं नाव दिसणारच नाही.

मी फार्मासिस्ट आहे, तालुक्याच्या गावात मेडिकल चालवते. फिट म्हणा, मिरगी म्हणा, आकडी म्हणा, त्याची फाईल असते मेंदूच्या डॉक्टरांकडे. पाळीची आणि बाळंतपणाची फाईल असते स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी येतात त्या फक्त माझ्या काउंटरवर. खाली लिहिलेल्या बहुतेक चुका या दोन फायलींची कधी गाठच पडत नाही म्हणून होतात.

"पाळीच्या सुमारालाच फिट येते, असेल योगायोग"

बऱ्याचदा तो योगायोग नसतो. बाईच्या शरीरातल्या दोन हार्मोनपैकी इस्ट्रोजेन मेंदूच्या पेशींना चेतवतं, प्रोजेस्टेरॉन त्यांना शांत ठेवतं. पाळीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं आणि फिटांना वाट मोकळी होते. काही जणींना हाच त्रास महिन्याच्या मध्यावर होतो, बीज सुटायच्या वेळी इस्ट्रोजेन चढतं तेव्हा. हे नातं डॉक्टरांच्या लक्षात येऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली. पोटॅशियम ब्रोमाइड हे फिटवर खरोखर लागू पडलेलं पहिलं औषध. लंडनच्या चार्ल्स लोकॉक यांनी १८५७ मध्ये ते मांडलं, तेच मुळी पाळीच्या वेळी फिट येणाऱ्या बायकांच्या संदर्भात.

चूक होते ती सांगताना. "महिन्यातून एक-दोनदा येते" एवढंच डॉक्टरांच्या कानावर जातं. माझ्याकडं येणाऱ्या एका आईनं भिंतीवरच्या कालनिर्णयवरच खुणा करायला सुरुवात केली. पाळीच्या पहिल्या दिवशी लाल पेननं ‘पा’, फिट आली की निळ्या पेननं ‘फि’, गोळी चुकली त्या तारखेला गोल. दुधाच्या हिशोबाशेजारीच. तीन महिन्यांनी ती पानं तशीच घडी करून डॉक्टरांकडं नेली. लालच्या आगेमागे निळं, तिन्ही पानांवर. डॉक्टरांनी त्या मोजक्या दिवसांपुरती क्लोबाझॅमची गोळी जोडून दिली. (ही गोळी मनानं सुरू करू नका. रोज घेतली तर शरीराला तिची सवय होते आणि गुण कमी होतो.)

आणखी एक. हरतालिकेचा निर्जळी उपास आणि वर रात्रीचं जागरण, यात गोळीही चुकते आणि झोपही जाते. फिट यायला एवढं पुरे. पाण्याच्या घोटाबरोबर घेतलेल्या औषधानं उपास मोडत नाही, हे घरातल्या मोठ्या बाईनं सांगितलं तर मुलीला धीर येतो.

"गोळी रोज घेत होते, तरी दिवस गेले"

हे वाक्य ऐकलं की मी आधी फिटची गोळी कुठली ते विचारते. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, ऑक्सकार्बाझेपिन आणि जास्त डोसमधलं टोपिरामेट ही औषधं लिव्हरची गती वाढवतात. मग संततिनियमनाच्या गोळीतले हार्मोन लिव्हर लवकर मोडून टाकतं. माला-एन असो की महागडी गोळी, तिचा भरवसा राहत नाही. दंडात बसवतात त्या इम्प्लांटचंही तेच. एप्टॉइन म्हणजे फेनिटॉइन, टेग्रिटॉल म्हणजे कार्बामाझेपिन, गार्डिनल म्हणजे फेनोबार्बिटोन. स्ट्रिपवर ब्रँडच्या जवळ बारीक अक्षरांत खरं नाव असतं, ते वाचायची सवय लावा.

७२ तासांतली इमर्जन्सी गोळीही या औषधांपुढं कमी पडते. अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवून घेणं जास्त खात्रीचं. एरवीसुद्धा या औषधांवर असलेल्या बाईसाठी तांबी हा माझ्या मते सगळ्यात निर्धास्त उपाय. तिच्यात हार्मोनच नाहीत, त्यामुळं लिव्हर मोडणार काय? सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात. संततिनियमनाचं तीन महिन्यांचं ‘अंतरा’ इंजेक्शनही या औषधांसोबत काम करतं. फक्त ते आणि फिटची जुनी औषधं, दोन्ही हाडं विरळ करू शकतात, म्हणून कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारून घ्या.

गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढं ढकलायच्या गोळीसाठी माझ्याकडं रांग लागते. तिच्यातलं नॉरएथिस्टेरॉनही याच औषधांनी कमी पडतं, आणि ऐन पूजेच्या दिवशी रक्तस्राव सुरू होतो. फिटच्या गोळ्या चालू असतील तर ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देत नाही, कितीही ओळखीचं गिऱ्हाईक असलं तरी.

लॅमोट्रिजीनच्या बाबतीत उलटं घडतं. इथं संततिनियमनाच्या गोळीतलं इस्ट्रोजेन फिटच्या औषधालाच खातं. रक्तातलं लॅमोट्रिजीन निम्म्यावर येऊ शकतं आणि बरी असलेली फिट पुन्हा सुरू होते. पाकिटातल्या शेवटच्या सात लोहाच्या गोळ्या चालू असतात त्या आठवड्यात इस्ट्रोजेन नसतं, तेव्हा लॅमोट्रिजीन परत चढतं आणि चक्कर येते. बाई म्हणते, "बीपी झालंय वाटतं."

"वजन वाढलं, पाळी लांबली, वयच तसं आहे"

व्हॅल्प्रोएट सुरू झाल्यावर मुलीची पाळी दोन-दोन महिने लांबू लागली, हनुवटीवर राठ केस आले, वजन चढलं, तर ती पीसीओएसची, म्हणजे बीजकोशांच्या हार्मोन-बिघाडाची, चिन्हं असू शकतात. वयात येताना हे औषध सुरू झालेल्या मुलींमध्ये हे जास्त दिसतं. मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून डाएट, पार्लर, वेगळ्या डॉक्टरांची हार्मोनची गोळी असं सगळं होतं, आणि फिटच्या औषधाचा विषयही निघत नाही. कधी फिटचा आजारच मेंदूतल्या हार्मोनच्या केंद्रांना धक्का देतो, औषधाचा दोष नसतो. हा निवाडा डॉक्टरांनी करायचा, पण त्यासाठी त्यांना कळायला तर हवं.

"दिवस राहिले म्हणून गोळ्या बंद केल्या"

ही सगळ्यात धोक्याची चूक. गोळी एकदम थांबवली की फिटांमागून फिटा येऊ शकतात, आई पडते, श्वास अडतो, जिवावर बेततं, आणि त्यात बाळाचाही प्राणवायू तुटतो. फिटचा आजार असलेल्या दहापैकी नऊहून जास्त बायकांना निरोगी मूल होतं, गोळ्या चालू असताना. तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९८ पासून अशा गरोदरपणांची नोंद ठेवली जाते. म्हणजे आपल्या देशातल्या बायकांचा अनुभव डॉक्टरांच्या हाताशी आहे.

पण सगळी औषधं सारखी नाहीत, आणि हे लपवून चालणार नाही. पोटात असताना व्हॅल्प्रोएट मिळालेल्या दहापैकी साधारण एका बाळाला जन्मतः व्यंग असतं. एरवी हे प्रमाण शंभरात दोन-तीन असतं. शिवाय दहातल्या तीन-चार मुलांना पुढं बोलणं, शिकणं, वागणं यात अडचणी येतात. डोस जितका जास्त तितका धोका जास्त. लॅमोट्रिजीन आणि लेव्हेटिरासिटाम त्या मानानं बरीच सुरक्षित ठरली आहेत. म्हणून औषध बदलायचं ते दिवस राहण्याच्या आधी, काही महिने हाताशी ठेवून. काही जणींना व्हॅल्प्रोएटशिवाय दुसरं लागूच पडत नाही. तिथं कमीत कमी डोसचा निर्णय डॉक्टरांसोबत बसून घ्यावा लागतो.

फॉलिक ॲसिडचंही असंच. त्याच्या मदतीनं बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. पाळी चुकल्याचं लक्षात येऊन, टेस्ट करून, सोनोग्राफीची तारीख मिळेपर्यंत ते काम उरकलेलं असतं. गोळी आधीपासूनच चालू हवी, डोस डॉक्टर ठरवतील.

गरोदरपणात लॅमोट्रिजीन शरीरातून फार वेगानं बाहेर पडतं, म्हणून डोस वाढवावा लागतो. बाळंतपणानंतर दोन-तीन आठवड्यांत हा वेग पूर्ववत होतो. वाढवलेला डोस उतरवायचा राहिला तर बाळंतिणीला एकाची दोन दिसायला लागतात, तोल जातो, आणि घरच्यांना वाटतं अशक्तपणा. प्रसूतीच्या कळा सुरू असतानाही गोळीची वेळ चुकवू नका, दवाखान्याच्या पिशवीत स्ट्रिप आधीच ठेवा. अंगावरचं दूध बहुतेक औषधांवर चालतं, फेनोबार्बिटोनवर बाळ फार झोपाळू वाटलं तर मात्र डॉक्टरांना सांगा. रात्रीची एक वेळ काढलेलं दूध आजीनं पाजावं, आईला सलग झोप मिळू द्यावी. बाळाला जमिनीवरच्या गादीवर बसून घ्यावं, आणि आंघोळ घालताना ती एकटी नसावी.

"मूल होत नाही, आधी सुनेच्या तपासण्या करा"

नवऱ्याला फिटच्या गोळ्या चालू असतील तर त्याच्याकडंही बघा. कार्बामाझेपिन, फेनिटॉइनमुळं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन रक्तातल्या प्रथिनाला बांधलं जातं. रिपोर्टात एकूण आकडा नॉर्मल दिसतो आणि कामाला येणारं मोकळं टेस्टोस्टेरॉन कमी असतं. इच्छा कमी होणं, ताठरता न येणं याचं मूळ इथं असू शकतं. व्हॅल्प्रोएटनं शुक्रजंतूंची संख्या आणि हालचाल मंदावू शकते, औषध बदलल्यावर ती सुधारल्याचंही दिसतं. पुरुष हे काउंटरवर बोलत नाहीत, गोळ्या तेवढ्या चुपचाप सोडतात.

त्या मुलीला मी बाटली दिली नाही, एक कार्ड दिलं. औषधाचं खरं नाव, डोस, मेंदूच्या डॉक्टरांचं नाव, मोबाईलच्या कव्हरमागं मावेल एवढं. तिला एक गोष्ट माहीतच नव्हती. फिटचा आजार हे हिंदू विवाह कायद्यात पूर्वी लग्नाच्या आड येणारं कारण होतं, ते १९९९ मध्ये काढून टाकलं. "म्हणजे ते मला सोडू शकत नाहीत?" तिनं दोनदा विचारलं.

दिवाळीत ती आली तेव्हा नवरा सोबत होता. नवं औषध हळूहळू वाढवत जुनं उतरवायचं होतं, त्याला काही महिने लागणार होते. तोवर तिनं तांबी बसवून घेतली होती. त्यानं खिशातून दोन चिठ्ठ्या काढून काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या.