सिम्फनी विद्यार्थ्यांच्या हाती देताना

चेक संगीतकार ड्वोरझाकच्या 1893 सालच्या नवव्या सिम्फनीतील संथ भाग डी फ्लॅट मेजरमध्ये, म्हणजे पाच फ्लॅटच्या (पाच स्वर अर्ध्या स्वराने उतरवलेल्या) स्वरपट्टीत आहे. तो सोपा करताना डी मेजरमध्ये न्यावा, कारण तिथे व्हायोलिनच्या मोकळ्या तारा कामी येतात आणि नवशिक्यांचा हात पहिल्या पोझिशनमध्येच, म्हणजे व्हायोलिनच्या मानेच्या टोकाशीच, राहतो. मात्र बी फ्लॅट क्लॅरिनेटचे स्वर एक पूर्ण स्वर वर लिहावे लागत असल्याने त्याच्या वाट्याला मग चार शार्प (अर्ध्या स्वराने चढवलेले स्वर) येतात. सुषिरवाद्ये जास्त असल्यास सी मेजरच बरा. कोर आंग्लेची (ओबोच्या कुळातल्या, खालच्या स्वराच्या वाद्याची) प्रसिद्ध धून क्लॅरिनेटच्या प्रतीत लहान आकाराच्या स्वरचिन्हांत लिहून ठेवावी, कारण कोर आंग्ले शाळेत क्वचितच असते. व्हायोलावादक नसल्यास त्यांचा भाग तिसऱ्या व्हायोलिनसाठी ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे व्हायोलिनच्या नेहमीच्या स्वरलेखनात, उतरवावा आणि व्हायोलिनच्या सर्वांत खालच्या जी तारेखालचे स्वर सप्तकभर वर उचलावेत. चेलोचा पायाभूत स्वर, माझ्या मते, शक्यतो बदलू नये.