डिमेन्शिया असलेल्या माणसाला वॉकरची सवय कशी लावायची

वॉकर आणून दिला की काम झालं असं घरात सगळ्यांना वाटतं, पण डिमेन्शियात वॉकर आहे हेच लक्षात राहत नाही, माणूस उठतो आणि तसाच बाथरूमकडे निघतो. म्हणून पायात किती ताकद आहे ते बघायचंच, पण डोक्याला किती झेपतंय तेही बघून वस्तू घ्यायची.

आधी निवड. साधा वॉकर उचला, पुढे ठेवा, मग पाऊल टाका, एवढा क्रम आठवावा लागतो. पुढे दोन चाकं असलेला नुसता ढकलायचा, तो बऱ्याच जणांना सोपा जातो. चार चाकांचा, हँडब्रेकवाला दिसतो छान, पण ब्रेक दाबायचं विसरले की तो पुढे पळतो, मी तर तो टाळायलाच सांगेन. घेण्याआधी फिजिओथेरपिस्टला एकदा चालून दाखवा. पैशांची अडचण असेल तर महाराष्ट्रात मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे, वय 65 च्या पुढे आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 2 लाखांच्या आत असेल तर एकरकमी 3000 रुपये खात्यात येतात, सध्या अर्ज घेतायत का ते समाजकल्याण कार्यालयात विचारा.

मग उंची. रोजची चप्पल घालून सरळ उभं करा, हात सैल सोडले की मनगट जिथे येतं तिथे वॉकरची मूठ हवी. काठी असेल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. खालची रबरं झिजली की लगेच बदला.

आता उठणं, खरी कसरत इथेच असते. बसलेला माणूस वॉकरला धरून स्वतःला वर ओढतो आणि वॉकर त्याच्याच अंगावर येतो. म्हणून वॉकर समोर ठेवा पण हात खुर्चीच्या हातांवरच. "आई, पुढे सरक." थांबा. "पाय मागे घे." थांबा. "हात खुर्चीला." थांबा. "पुढे वाक आणि ऊठ." उभी राहिली की मगच हात वॉकरवर. एका वेळी एकच वाक्य, कारण ऐकलेलं समजायला त्यांना वेळ लागतो, आणि घरातल्या सगळ्यांनी, कामाला येणाऱ्या ताईंनीसुद्धा, अगदी हेच शब्द वापरायचे. नाही कळलं तर तिचा हात हळूच तिथे नेऊन ठेवा. काय सांगितलं ते विसरलं तरी रोज केलेलं अंगवळणी पडतं, म्हणून आजार सुरुवातीचा असतानाच हे चालू करा. बखोट धरून ओढू नका, खांदा दुखावतो, आधार देताना आपल्याला धरता यावा म्हणून त्यांच्या कमरेला बांधायचा पट्टा (गेट बेल्ट) मिळतो तो वापरा.

बसताना खुर्ची दिसली की ते लांबूनच टेकायला जातात. पाठ वळवून पायाला खुर्ची लागेपर्यंत मागे यायचं, मग हात मागे, मग बसायचं.

वॉकर घडी घालून कोपऱ्यात ठेवलात तर त्यांच्यासाठी तो नाहीच. पलंगावरून उठताना समोर दिसेल असा ठेवा, मुठींना लाल टेप गुंडाळा. रात्री छोटा दिवा चालू ठेवा. काळं पायपुसणं त्यांना खड्ड्यासारखं दिसू शकतं, चकचकीत फरशी ओली वाटते, म्हणून पाऊल अडतं, त्याला हट्ट म्हणू नका हो, पायपुसणं उचला.

व्हीलचेअर असेल तर उठण्याआधी दोन्ही ब्रेक लावायचे आणि पाय ठेवायच्या पट्ट्या वर करायच्या, त्यांच्यावर उभं राहिलं की खुर्ची पुढे कलंडते. सारखे उठायला बघतात म्हणून बांधून ठेवू नका, लघवीला लागलीय का, भूक लागलीय का, कुठे दुखतंय का ते आधी बघा.

आणि चाल एक-दोन दिवसांत अचानक बिघडली तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका, लघवीचं इन्फेक्शन किंवा नवीन सुरू केलेली गोळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.