आधी पुढचं फूल: ठसे आणि मास्किंगने केलेलं शुभेच्छापत्र

फुलांचे ठसे हातात आले की प्रत्येकाला आधी गुच्छ करायची हौस येते. एक जास्वंद छापायची, लगेच तिच्या शेजारी दुसरी. दोघींच्या पाकळ्या एकमेकींत घुसतात आणि मधे नुसतं रेघांचं जाळं होतं. मग माणूस बिचकतो आणि फुलं लांब लांब छापायला लागतो. ती सुटी सुटी बरी दिसतात, पण कार्डाची चादर होते, ठरावीक अंतरावर बुट्टे असलेली. यावर उपाय म्हणजे मास्किंग. छापलेलं फूल कागदाने झाकायचं आणि त्याच्यावरूनच दुसरं छापायचं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना कापाकापी जड जात नाही, क्रम जड जातो. पोस्टर कलरने चित्रं काढलेली असली की आधी मागचं आणि मग पुढचं, अशी हाताला सवय असते. तो रंग जाड असतो, खालचं झाकून टाकतो. ठशाची शाई मात्र खालची रेघ झाकत नाही. म्हणून जे फूल सगळ्यात पुढे दिसायला हवं ते सगळ्यात आधी छापायचं. त्याच्या मागचं नंतर, पानं त्याच्याही नंतर. सुरुवातीला ठसे नुसतेच कागदावर मांडून पाहा आणि पेन्सिलने एक, दोन, तीन असे आकडे घाला.

सामानावर फार खर्च करू नका. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीट, एका फेरीत बहुतेक सगळं मिळतं. कार्डासाठी २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा, जाडसर) गुळगुळीत कागद घ्या. ए-फोर कागद मधोमध कापून अर्धा दुमडला की १०५ × १४८ मिलिमीटरचं कार्ड होतं आणि ते सी-सिक्स पाकिटात नीट बसतं. दुमडण्याआधी पट्टी धरून बोथट टोकाने रेघ ओढा, नाहीतर जाड कागद घडीवर फाटल्यासारखा दिसतो. हातकागद देखणा खरा, पण त्याच्या खरखरीत अंगावर बारीक रेघ तुटते. हातकागद हवाच असेल तर तो कार्डाला वापरा आणि फुलं गुळगुळीत तुकड्यावर छापून वर चिकटवा.

शाई मात्र विचार करून घ्या. फुलं जलरंगाने रंगवायची असतील तर सुकल्यावर पाण्याने न पसरणारी पिगमेंट शाई हवी. अल्कोहोल मार्कर वापरणार असाल तर त्याने न फुटणारी डाय शाई. दुकानदाराला नुसतं ‘स्टॅम्प पॅड’ म्हटलंत तर तो ऑफिसच्या शिक्क्याचं जांभळं पॅड हातात देईल, आणि त्यावर ओला ब्रश लागला की सगळं फूल वाहून जाईल.

ठसा पारदर्शक असेल तर तो अॅक्रिलिक ठोकळ्यावर चिकटवून वापरतात. नवाकोरा असेल तर त्यावर आधी खोडरबर हलकेच फिरवा, नाहीतर शाई थेंबाथेंबाने गोळा होते. कार्डाखाली जुना माउसपॅड ठेवला की ठसा सगळीकडे सारखा उमटतो. सरळ दाबायचा, सरळ उचलायचा, डुलवायचा नाही. विकतचा ठसा नको असेल तर मोठं खोडरबर कोरा. भेंडीचा आडवा काप सरावाला चालतो, फक्त बुळबुळीत पाणी आधी टिपून घ्या.

आता मास्क. तेच फूल एका चिकट चिठ्ठीवर (स्टिकी नोटवर) छापा, फुलाचा जास्तीत जास्त भाग मागच्या गोंदाच्या पट्टीवर येईल असं. हा गोंद मुद्दाम कमजोर ठेवलेला असतो, त्यामुळे चिठ्ठी निघताना कार्डाचा पापुद्रा ओढत नाही. फूल पट्टीपेक्षा मोठं असेल तर मास्किंग टेप दोन-चार वेळा कपड्यावर चिकटवून काढा आणि चिकटपणा मेल्यावर त्याची गुंडाळी चिठ्ठीखाली लावा.

कापायचं रेघेच्या किंचित आतून. सगळा खेळ इथेच आहे. बाहेरून कापलंत तर पुढच्या आणि मागच्या फुलामध्ये पांढरी कड राहते आणि पुढचं फूल वेगळं आणून चिकटवल्यासारखं दिसतं. फार आत गेलात तर मागची रेघ पाकळीवर चढते. कात्री स्थिर धरून कागद फिरवला की वळणं गोल येतात. जास्वंदीची केसरदांडी कापायच्या भानगडीत पडू नका. ती मास्कमधून सरळ उडवा आणि त्या बाजूला मागचं फूल येऊ देऊ नका.

मास्क फुलावर बरोबर बसवा, कडा नखाने दाबा आणि मागचं फूल बिनधास्त अर्धं मास्कवर जाईल असं छापा. जाड कागदाचा मास्क इथे दगा देतो, कारण त्याच्या कडेशी ठसा कार्डापर्यंत पोचत नाही आणि रेघ मधेच थांबते. पानं छापताना दोन्ही फुलांचे मास्क जागेवर हवेत. मागे हलकी रंगछटा हवी असेल तर स्पंज मास्कवरून बाहेरच्या दिशेने फिरवा. उलट फिरवलात तर शाई कडेखाली शिरते.

मजकुराची जागा फुलांआधीच राखून ठेवा. देवनागरी सुट्ट्या अक्षरांच्या ठशांनी मात्रा आणि शिरोरेघ जुळवत बसणं म्हणजे डोकेदुखी. ‘हार्दिक अभिनंदन’ एवढं अख्खं अक्षरांकन शिक्केवाल्याकडून करून घ्या, तो उलटं करण्याचं काम स्वतःच करतो. शब्द फुलावर आलेले हवे असतील तर ते वेगळ्या पट्टीवर छापून चिकटवा.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, पिगमेंट शाई सुकायला फार वेळ घेते. रात्रभर पंख्याखाली ठेवा, मग वजनाखाली, म्हणजे कागद वळणार नाही.

विकायचा विचार असेल तर एकेक कार्ड पूर्ण करत बसू नका. सगळ्या कार्डांवर आधी पुढचं फूल छापा, मग सगळ्यांवर मागचं. एकच मास्क बऱ्याच कार्डांना पुरतो. त्यावरची ओली शाई मात्र दर वेळी टिपून घ्या, नाहीतर ती बोटाला लागून पुढच्या कार्डावर उमटते. किंमत ठरवताना कापायचा वेळ धरा, नवे लोक तो हमखास विसरतात. काम झालं की मास्क प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये त्या-त्या ठशाच्या पाकिटाशेजारी चिकटवून ठेवा.