गोठ्याचा दवाखाना: लिटरमागे एक रुपया

दोन गाई, दोन्ही वेळचं मिळून २४ लिटर दूध. डेअरीचं बिल दर १० दिवसांनी येतं. त्यातले लिटरमागे १ रुपया, म्हणजे २४० रुपये, मी त्याच दिवशी गाईंच्या औषधपाण्यासाठी वेगळ्या डब्यात टाकते. गाई आटल्या की तेवढं पडत नाही, तरी वर्षाला सहा-सात हजार साठतात. पेंड संपली तरी त्या डब्याला हात लावायचा नाही.

ही सवय आमच्या चंद्री गाईने लावली. तिचं एक सड गरम लागत होतं. म्हटलं, उद्या बघू. उद्याचा परवा झाला आणि रात्री ११ वाजता कास दगडासारखी घट्ट. कासदाह, म्हणजे कासेला जंतूंनी येणारी सूज. रात्रीची फी, सलाईन, पाच दिवस इंजेक्शनं: ४,२०० रुपये. औषध चालू असतानाचं दूध डेअरीला घालता येत नाही, ते ओतून दिलं ते वेगळंच. आणि सड गेलं ते गेलंच.

आता रोज प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या फडक्यावर घेते. दह्यासारखी कणी दिसली की सकाळीच फोन. धार झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे आणि लगेच पुढ्यात वैरण टाकायची. खाण्याच्या नादात गाय अर्धा तास उभी राहते, तोवर सडांची तोंडं मिटतात, जंतू आत शिरत नाहीत. गाय आटवताना सडात भरायच्या औषधाच्या ट्यूबबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या.

लाळ-खुरकताची सरकारी लस फुकट असते, वर्षातून दोनदा. घटसर्प आणि फऱ्याची पावसाळ्याआधी. दूध कमी होईल म्हणून लसवाल्यांपासून जनावर लपवणारे आमच्या आळीत आहेत, त्यांच्यापुढे मी हात टेकलेत. दिवसा सरकारी दवाखाना स्वस्त पडतो, शिवाय १९६२ वर फोन केला की फिरतं पथक मिळतं.

खासगी डॉक्टरांना फोनवरच विचारा, येण्याचे किती, औषधाचे वेगळे का. लाज कसली त्यात? पण व्यालेली गाय बसली नि मान पोटाकडे वळवली, डावी कूस फुगली, वासरू अडलं, तर पैशाचं विचारत बसू नका. डबा त्यासाठीच आहे.

विमा काढलात तर कानातला बिल्ला सांभाळा. ‘नो टॅग, नो क्लेम’ हे त्यांचं ठरलेलं. बिल्ला पडला की त्याच दिवशी कळवायचं. आमची चंद्री बाभळीला कान घासते, दोनदा पाडून झालाय.