घरी मराठी शिकवताना या चुका टाळा

गोव्यात डिचोलीला माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या वह्या उघडल्या की घरी कोणी, कशी घाई केली ते लगेच कळतं.

सगळ्यात जास्त घोळ अनुस्वाराचा. मूल घरी कोकणी बोलतं, चुलत भावंडांची कोकणी पुस्तकं चाळतं. तिथे 'म्हज्या घरांत', 'गोंयांत', 'कितें' असं असतं आणि ते बरोबरच आहे. लिपी दोन्हीकडे देवनागरी, म्हणून ते मराठीतही 'माझ्या घरांत' लिहितं. मराठीत मात्र १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. एक घर असेल तर 'घरात'. 'घरांत' म्हणजे अनेक घरं.

चौथीतल्या एका मुलाच्या वडिलांनी परीक्षेच्या तोंडावर त्याला सांगून टाकलं, "मराठीत टिंब द्यायचं नाही." वर रबर घेऊन सगळी वही साफ केली. पोरगा आज्ञाधारक. पेपरात त्याने 'मुलानी', 'शिक्षकाना' लिहिलं, आंब्याचा 'आबा' झाला. गुण गेले त्याचं एवढं नाही, पण तो लिहायलाच घाबरायला लागला. प्रत्येक शब्दापाशी पेन्सिल थांबवून माझ्या तोंडाकडे बघायचा. ती भीती जायला अख्खा पावसाळा लागला. असे एका ओळीचे नियम पालकांना फार आवडतात, भोगतात मुलं.

मी फक्त दोन प्रश्न विचारते. नाकातला आवाज ऐकू येतो का? आंबा, तांब्या. आणि, एक की पुष्कळ? मुलाने, मुलांनी. तेच वाक्य शेजारी कोकणीतही लिहून घेते, म्हणजे दोन्हीतला फरक मुलाला स्वतःलाच दिसतो. कोकणी बोलण्यावरून डाफरू तर अजिबात नका. धाकट्या बहिणीबद्दल 'तें आयलें'च्या सवयीने मूल मराठीत 'ते आलं' म्हणालं, तर आपण 'हो, ती आली' म्हणावं आणि पुढे जावं.

दुसरी चूक, सुटा शब्द घोकून घेण्याची. 'फूल' दहा वेळा अचूक लिहिणारं मूल निबंधात 'फूलांचा हार' लिहितं. शब्दाला प्रत्यय लागला की हा दीर्घ ऊकार, तसाच दीर्घ ईकार, ऱ्हस्व होतो, हे त्याला कोणी दाखवलेलंच नसतं. मी जोडीच लिहून घेते: फूल–फुलाला, गरीब–गरिबांना, वीट–विटेने. 'शरीर', 'गीत' असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बदलत नाहीत. ते जोड्या हातात बसल्यावर. दोन्ही एकदम सांगायची घाई करू नका.

श्रुतलेखन घालताना 'फुऊल' असं ताणून बोलू नका; ते उत्तर सांगणंच झालं.

वाचताना मूल अडखळलं की लगेच शब्द पुरवू नका. थांबा.

आजोबांच्या कपाटातली जुनी पुस्तकं वाचायला जरूर द्या, पण 'नाहीं', 'कसें' त्यातून उतरवून घेऊ नका.

परिच्छेद नीट वाचता येत नसताना नाम-सर्वनामाच्या व्याख्या पाठ करून घेणं मला मुळीच पटत नाही. आठवड्यात शुद्धलेखन सुधारून देणारे मोबाईलवरचे व्हिडिओही नकोत. रोज एक बातमी मोठ्याने वाचायला लावा. 'नवप्रभा', 'गोमन्तक', घरी येत असेल तो पेपर. खेळाच्या पानापासून सुरुवात केली तरी चालेल.